चाकांना लावलेलं कुंकू

कालपासून आमच्या नजरबादच्या गल्लीत साबणाच्या पाण्याचे ओघळ वाहताहेत. जो तो आपली गाडी धुतोय. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्यानं तर हवा भरायच्या यंत्रालासुद्धा अंघोळ घातली. केळीचे खुंट, झेंडूचे हार, फोडायला आणलेले कोहळे, सगळं दारादारांत येऊन पडलंय आणि हवेत ओल्या झेंडूचा तो कडसर वास. उद्या आयुधपूजा. आमच्या म्हैसुरात या दिवशी कुठल्याही हत्याराला, यंत्राला कोरडं ठेवत नाहीत. विळी, कात्री, शिवणाचं मशीन, रिक्षा, बस, जे म्हणून माणसासाठी राबतं त्याला गंध, कुंकू, अक्षता, फूल. चाक असेल तर चाकाखाली लिंबू.

मघाशी समोरच्या जयम्मा फाटकाशी उभ्या राहून म्हणाल्या, "काय कुसुमक्का, यंदा विमानाला काय नैवेद्य?" आणि हसल्या. त्यांच्या हसण्यात वाईट काही नव्हतं. तरी माझे कान तापले. आत येऊन उगीच गार पाण्यानं तोंड धुतलं. या वयात माणसाला इतकी लाज वाटावी का, असं मनाशी म्हटलं. पण लाज वयाप्रमाणे कमी होते हे कुणी सांगितलं कोण जाणे. माझी तर मुरत चाललीय.

तुम्ही म्हणाल, विमानाला नैवेद्य म्हणजे काय प्रकार. सांगते. आमच्या घरी एक विमान आहे. खेळण्यातलं म्हटलं की आमचे हे रागावतात, मॉडेल म्हणायचं. दोन्ही हात पसरून उभं राहिलं तर त्याहून थोडं कमी रुंद. जेटच्या आकाराचं, पोटात बॅटरीवर फिरणारा पंखा, आणि जमिनीवरून रिमोटनं उडवायचं. त्याची चाकं, उडालं की पोटात जातात आणि उतरायच्या वेळी बाहेर येतात, अगदी खऱ्या विमानासारखी. ते विमान मी केलं.

हे शेवटचं वाक्य लिहायला मला फार वेळ लागला. आधी "आम्ही केलं" लिहिलं होतं. मग खोडलं. मग पुन्हा तेच लिहिलं, पुन्हा खोडलं. शेवटी उठून भाताला कुकर लावून आले आणि आल्या-आल्या न बसता लिहून टाकलं.

हे कारखान्यातून निवृत्त झाले तेव्हा त्यांनी एक इच्छा बाहेर काढली. तरुणपणापासूनची म्हणे. मला तर लग्नाला इतकी वर्षं होऊन कधी कळलं नव्हतं की या माणसाच्या मनात विमान आहे. सामान आलं. कापसासारखं हलकं बाल्सा लाकूड, पातळ प्लायवूड, फोम, नकाशाच्या मोठमोठ्या गुंडाळ्या. जेवणाच्या टेबलावर पसारा मांडून हे बसले. पण यांची सगळी नोकरी अजस्र यंत्रांवर गेलेली, हाताला सवय पाना आवळायची. बाल्साच्या पट्टीला हात लावला की ती कट्‌ करून मोडायची. शिवाय डोळ्यांत नुकता मोतीबिंदू शिरू लागला होता. एका दुपारी पंखाची तिसरी की चौथी फासळी मोडली तेव्हा ते नुसते गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिले. शाळेत उत्तर न आलेल्या मुलासारखे. मला बघवेना. म्हटलं, "सरका जरा, मी बघते."

बस्स, तेवढंच. बघते म्हणून बसले ती उठलेच नाही.

त्या दुपारी मला अजून जशाच्या तशा आठवतात. हे आतल्या खोलीत घोरत असायचे. मी टेबलाशी. बारीक पॉलिश पेपरनं लाकूड घासलं की पिठासारखी भुकटी उडायची आणि खिडकीतल्या उन्हात तरंगत राहायची. माझ्या भुवयांवर बसायची, कॉफीच्या पेल्यात पडायची. लाकडाला तसा वास नसतो, पण घासलं की अगदी कोरड्या, जुन्या कपाटासारखा वास यायचा. नकाशा बघायला शिकले कारण ब्लाउजचा कागद बेतायची सवय होती. कुठली रेष कापायची आणि कुठली नुसती दुमडायची हे डोळ्याला कळायचं. बाकी सगळं मोबाईलवर बघून. कुणीतरी परदेशातला माणूस भराभर इंग्रजीत बोलायचा, मी त्याला थांबवायची, मागे न्यायची, परत ऐकायची. बोलणं अर्धं कळायचं, हात मात्र पूर्ण कळायचे. पंखावर रंगीत प्लास्टिकचा पातळ पापुद्रा चढवायचा असतो, तो गरम इस्त्री फिरवून. पहिल्यांदा तो सुरकुतला आणि इस्त्रीखाली एकदम ताणला जाऊन गुळगुळीत झाला, तेव्हा मी इस्त्री बाजूला ठेवून उगीच इकडेतिकडे बघितलं. कुणी पाहिलं तर नाही?

काय पाहणार होतं कुणी? म्हातारी बाई खुशीत आहे, एवढंच. पण त्याचीच तर लाज.

आमच्या घरात बाईच्या हाताचं कौतुक नव्हतं असं नाही हं. भरपूर होतं. पण ते हाताचं काम खाता येण्यासारखं किंवा नेसता येण्यासारखं असलं पाहिजे. माझ्या आईनं लोकरीचं विणलं तर गल्ली गोळा व्हायची, आणि तिनंच एकदा विहिरीच्या रहाटाचं लाकूड तासून बसवलं तर वडील म्हणाले, "हे बाहेर सांगत बसू नकोस." रागानं नाही, प्रेमानंच. त्यामुळे ते जास्त आत गेलं. मी तेव्हा लहान होते, पण मला एवढं समजलं की काही कामं चांगली झाली तरी लपवायची असतात.

म्हणून दारावरची घंटा वाजली की मी जुनं सुती लुगडं विमानावर टाकायची. जयम्मा आत यायच्या, लुगड्याखालच्या उंचवट्याकडे बघायच्या. "काय हो ते?"

"सुम्ने, ह्यांचं काहीतरी चालू असतं."

सुम्ने म्हणजे उगीच. आमच्या घरी निम्मं बोलणं असं कानडीनं सांधलेलं असतं, पिढ्यान्‌पिढ्यांचं. एकदा जयम्मांनी हळदीकुंकू लावताना माझी बोटं बघितली. झटपट चिकटणारा गोंद टोकांवर वाळून त्याची सालं निघत होती. "हाताला काय झालं?" मी म्हटलं, फणस कापला. फणसाचे दिवस नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि भल्या बाईनं तेव्हा पुढे विचारलं नाही. खरं काय ते त्यांना नंतर कळलंच.

सगळ्यात जास्त दमवलं ते पायांनी. विमानाचे पाय. तयार यंत्र मिळतं, छोट्या मोटारीचं, पण ते कुठे आणि कसं बसवायचं ते आपलं आपण ठरवायचं. मी पाय सरळ आत मिटवला की चाक पंखाच्या बाहेर डोकवायचं. तिरका केला की उघडताना वाकडा. आठवडेच्या आठवडे गेले. हे म्हणायचे, "राहू दे गं, चाकं बाहेरच ठेवू, पुष्कळ लोक तशीच ठेवतात." मी ऐकेना. मग एका सकाळी पाटावर मटार सोलायला बसताना माझं लक्ष माझ्याच पायाकडे गेलं. मांडी घालताना गुडघा नुसता मिटत नाही, पाऊल जरासं आत वळतं. मी उठले, पुन्हा बसले. पुन्हा उठले. हे पेपर वाचत होते. "गुडघे दुखताहेत का?" म्हणाले. मी मटार तसेच टाकून टेबलाकडे गेले.

त्या दिवशी विमान टेबलावर उलटं पडलेलं, कासवासारखं. हे रिमोट धरून उभे. बटण दाबलं आणि बारीक झींऽऽ असा आवाज करत तिन्ही पाय आपापल्या जागी जाऊन निजले. वरून हात फिरवला तर कुठे टोचेना. यांनी पुन्हा बटण दाबलं, पाय बाहेर. पुन्हा आत. किती वेळ ते करत होतो कोण जाणे. स्वयंपाकघरात मटारांना मुंग्या लागल्या.

बन्नूरच्या रस्त्याला शहर सोडून थोडं पुढे गेलं की उसाच्या मळ्यांमध्ये एक पडीक माळ आहे. दर रविवारी सकाळी तिथे विमानवाली मंडळी जमतात. पहिल्यांदा आमचं विमान डिकीतून बाहेर काढलं तेव्हा सगळे भोवती आले. त्यांच्यातले ज्येष्ठ बोपण्णा, लष्करातून निवृत्त झालेले, कमी बोलणारे, कोडगूचे, म्हणजे कूर्गचे. त्यांनी विमान हातात घेतलं, पोटाशी धरून डोळ्यांजवळ नेलं, चाकाच्या खाचेत बोट घातलं आणि कानडीत म्हणाले, "राव सार, हे काम कुणाचं?"

यांनी माझ्याकडे बघून तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. मीच त्यांच्या आधी बोलले. "ह्यांचंच. दुसऱ्या कुणाचं असणार?"

असं का बोलले? त्या वर्तुळात सगळे पुरुष होते, सगळे माझ्याकडे वळले होते, आणि मला एकदम वाटलं की माझा पदर पडलाय. पडला नव्हता. पण तसं वाटलं.

परतताना गाडीत हे चिडले. "मला कशाला खोट्यात पाडतेस?"

"तुम्ही उडवता की."

"उडवणं वेगळं."

"असू दे. काय फरक पडतो?"

समोर उसाची गाडी होती, तिच्यामागून हळूहळू जात राहिलो.

एकदा सांगितलेलं खोटं पुढच्या रविवारी सोबत येतं, त्याच्या पुढच्याही. यांना शाबासक्या मिळत गेल्या आणि मला खुर्ची. माझी घडीची खुर्ची ठरलेली, टिनाच्या शेडखाली, शेजारी कॉफीचा थर्मास आणि डबाभर कोडुबळी. तांदळाच्या पिठाची खमंग कडी ती, आमच्याकडे घरोघरी होतात. पुण्याहून इथे कंप्युटरच्या नोकरीला आलेला निखिल नावाचा एक गृहस्थ यायचा, दोन मुलांचा बाप, गुणी माणूस. तो विमानाकडून यांच्याशी बोलत बोलत यायचा आणि माझ्यापाशी पोचला की म्हणायचा, "काकू, कोडुबळी म्हणजे कमाल. तुमच्या हाताला काय चव आहे." मी म्हणायची, "घे की अजून, साकु म्हणू नको." साकु म्हणजे पुरे. तो हसायचा. "तुमचं मराठी किती गोड आहे." लहान मुलाच्या बोबड्या बोलण्याला म्हणतात तसं. मग मला माझ्या मराठीचीही लाज वाटायची. डब्याचं झाकण लावत मी आकाशात बघायची. तिथे माझं विमान पाय मिटून वळसा घालायचं, आणि ते नेमकं वळताना पंखावर ऊन चमकायचं तेव्हा मनात यायचं, ए, हा पापुद्रा मी चढवलाय. लगेच मी इकडेतिकडे बघायची.

आता त्या दसऱ्याकडे येते. फार जुनी गोष्ट नाही, गेल्याच्या गेल्या दसऱ्याची.

नवरात्र आलं, पायऱ्यांवर बाहुल्या मांडल्या, पट्टाचे राजाराणी, बाहुल्यांतलं मानाचं जोडपं, सगळ्यात वर बसले. पाहुण्यांची ये-जा. सकाळी दसऱ्याच्या मिरवणुकीचे हत्ती सरावाला निघतात म्हणून रस्ते अडवलेले, यांची बडबड चालू. आयुधपूजेच्या दिवशी मी स्कूटर, मिक्सर, इस्त्री, कात्री सगळ्यांची पूजा केली. विमान टेबलावर होतं. हे आधीच म्हणाले होते, "त्याला फक्त एक फूल ठेव. ओलं काही नको. बाकी काहीच नको."

"बरं" म्हटलं मी. पण हे अंघोळीला गेले आणि मी विमानापुढे उभी राहिले. इस्त्रीला कुंकू आणि याला नाही? ज्या इस्त्रीनं याला कातडं चढवलं तिला गंध, आणि हे कोरडं? गाडीला तर बोनेटवर लावतात आणि चाकांनाही लावतात. चाकं पंखाखाली. म्हणून मी त्याला हळूच उलटं केलं. तिन्ही चाकांना गंध लावलं, कुंकू लावलं, आणि हात जोडून डोळे मिटून अक्षता टाकल्या. चाकाखाली ठेवायला लिंबूही आणलं, पण ते चाकापेक्षा मोठं. मला हसू आलं. बाथरूममधून हे ओरडले, "एकटीच काय हसतेस?" मी फडक्यानं सगळं पुसलं, सुलटं केलं, वर एक शेवंती ठेवली.

खरं सांगू, त्या पूजेत देव कमी आणि मी जास्त होते. जगात कुठे म्हणता आलं नाही की हे माझं, तर निदान तिथे म्हणावं. कुंकू आपण आपल्याच वस्तूला लावतो ना.

दसऱ्यानंतरच्या रविवारी माळावर छान ऊन होतं, पावसाळा सरलेला, गवत गुडघ्याला आलेलं, उडवायची पट्टी तेवढी कापलेली. विमान उडालं. पाय आत गेले. यांनी दोन-चार सुरेख वळसे घातले, उसाच्या तुऱ्यांवरून नेलं. बॅटरी काही मिनिटांचीच असते. उतरवायला घेतलं, बटण दाबलं. नाकाचं चाक आलं, उजवं आलं, डावं अर्ध्यावर थांबलं.

बोपण्णा म्हणाले, "वर घ्या. पुन्हा सोडा."

घेतलं, सोडलं. तिथेच.

"पुन्हा."

यांच्या कपाळावरचा घाम मला शेडमधून दिसत होता. त्या मोटारीचं असं असतं, वाटेत काही अडलं की तिला वाटतं आपलं काम झालं, आणि ती गप्प बसते. बॅटरी संपत आली होती. हे जमेल तितकं हळू आणत होते, उजव्या अंगावर तोलत. पट्टीला टेकलं, थोडं धावलं, मग डावा पंख गवताला लागला, विमान गिरकी घेऊन उलटं झालं आणि पंख मुळातून मोडला. आवाज केवढा, पापड मोडल्याएवढा.

सगळे धावले. मी पण गेले, थर्मास हातात तसाच. निखिलनं बारीक स्क्रू ड्रायव्हरनं अडलेला पाय उघडला, विमान हातावर आपटलं, आणि त्याच्या तळव्यावर एक तांदळाचा दाणा पडला. हळदीनं पिवळा, एका बाजूला कुंकवाचा लाल.

क्षणभर कुणालाच कळेना. मग एक जण म्हणाला, "राव सार, अक्षता? लग्न लावलंत का याचं?"

हसू फुटलं. दुसरा म्हणाला, "एवढे मोठे इंजिनिअर आणि बिजागरीत तांदूळ?" तिसरा म्हणाला, "मुहूर्त चुकला असेल." चांगली माणसं हो सगळी, थट्टा करणारच. पण यांचा चेहरा. खाली बघून ते म्हणाले, "हं. चुकलं." आणि मोडका पंख उचलायला वाकले. आयुष्यभर ज्यांच्या हातून एक नट सैल राहिला नाही त्या माणसाचे कान लहान मुलासारखे लाल झाले होते, माझ्या एका दाण्यासाठी.

मी म्हटलं, "अक्षता मी टाकल्या."

"ते आलंच लक्षात, काकू," निखिल म्हणाला, प्रेमानं.

मी पुढे म्हटलं, "आणि विमान पण मीच केलंय. पहिल्यापासून. पंख, पाय, सगळं."

मग जे झालं ते मला अजून उमगत नाही. सगळ्यांचे चेहरे एकदम मऊ झाले. निखिल म्हणाला, "काकू, किती सांभाळून घेता हो काकांना."

हे ताठ उभे राहिले. "खरं सांगतेय ती. तिनंच केलंय. मी फक्त उडवतो."

"बघा," कुणीतरी म्हणालं, "आणि हे त्यांना सांभाळून घेतात. संसार असा असावा."

पुन्हा हसले. या वेळी मायेनं. एकानं माझ्या हातातला थर्मास घेऊन मला खुर्चीवर नेऊन बसवलं. चूक माझी होती हे सगळ्यांना एका क्षणात पटलं. काम माझं होतं हे दोघांनी मिळून सांगूनही पटलं नाही. आणि दोष त्यांना कसा देऊ? इतक्या रविवारी त्यांना तसं मीच तर शिकवलं होतं.

घरी येताना मी रडले नाही. लाजेत रडू येत नाही मला, नुसतं अंग आक्रसतं. विमान मागच्या सीटवर, त्याचा पंख त्याच्याच अंगावर ठेवलेला. दुसऱ्या दिवशी यांनी टेबल पुसून ठेवलं, पण बस दुरुस्तीला असं म्हणाले नाहीत. मीच तिसऱ्या दिवशी गोंद काढला. यांनी माझ्या हातातून बाटली घेतली.

"इथे नको."

"मग कुठे?"

"रविवारी. माळावर."

"त्या सगळ्यांसमोर? मला नाही जमायचं. लाज वाटते मला."

"घरी दुरुस्त केलंस तर ते पुन्हा माझं होईल," हे म्हणाले आणि बाटली खिशात घालून फिरायला निघून गेले.

तो रविवार. शेडखाली यांनी एक पत्र्याचं टेबल ओढून आणलं, त्यावर विमान ठेवलं, माझा डबा ठेवला ज्यात मी पाती, टाचण्या, मोजपट्टी ठेवते, आणि माझी खुर्ची टेबलाकडे तोंड करून लावली. मग ते बाजूला झाले. मी बसले. पंखाचा फाटलेला पापुद्रा सोलला, मोडलेलं लाकूड स्वच्छ कापून काढलं. पहिल्यांदा पातं धरताना मला वाटलं, आता सगळे म्हणणार, बघा, येत नाही. काही जण आले, उभे राहिले, गेले. निखिल जरा जास्त वेळ थांबला. त्यानं कोडुबळ्याचा घास तोंडात धरला होता आणि चावायचा विसरला होता. माझी मान जी खाली गेली ती वर होईना. इतकी वर्षं बंद दाराआड केलेलं काम, उघड्यावर करताना अंगावर कपडे नसल्यासारखं वाटतं. अतिशयोक्ती करत नाही.

हळूहळू लाकडानं मला आत घेतलं. नवीन पट्टी बेतली, घासली, बसते का बघितली, पुन्हा घासली. केव्हातरी लक्षात आलं की समोर एक उलटी बादली आहे आणि तिच्यावर बोपण्णा बसलेत. चष्मा लावून. किती वेळ बसले होते माहीत नाही. मी गोंद लावला, पंखाचे दोन्ही भाग एकमेकांवर दाबून धरले. हा गोंद सावकाश लागतो, हात हलवायचा नाही.

"अम्मा," ते कानडीत म्हणाले, "मागचे पाय जरा पुढे झुकवलेत. मुद्दाम?"

सवयीनं मी यांच्याकडे बघितलं. हे लांब उभे होते, पाठ करून, माझा खाऊचा डबा घेऊन लोकांना कोडुबळी वाटत.

"मुद्दाम," मी म्हटलं. "आधी सरळ होते. गवतावर नाक उचलायचंच नाही, नुसतं धावत राहायचं. मग थोडे पुढे घेतले."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "हे मी रावांना कितीदा विचारलं. दर वेळी ते विषय बदलायचे. मला वाटायचं, माणूस आपली विद्या देत नाही, गर्विष्ठ आहे."

मला हे माहीत नव्हतं. दर रविवारी मी शेडखाली बसून कोडुबळी वाटत होते, आणि तिकडे पट्टीच्या टोकाला माझा नवरा, ज्याला खोटं बोलता येत नाही, तो गप्प राहून गर्विष्ठ ठरत होता. मी म्हणत होते, काय फरक पडतो. यांनी घरी येऊन एकदाही सांगितलं नाही.

डोळे भरून आले आणि वाहायला लागले. पदर घ्यावा तर दोन्ही हात पंखावर, सोडले तर जोड सरकणार. तशीच बसून राहिले, सगळ्यांसमोर, तोंड ओलं. बोपण्णांनी बघितलं. त्यांनी खिशातून रुमाल काढला नाही. बादली जरा पुढे ओढली, आपले जाड हात पंखाच्या दुसऱ्या टोकाशी आणले आणि विचारलं, "इथे दाबू, की थोडं वर?"

"थोडं वर," मी म्हटलं.